शिळ्या थुंकीची साक्ष

मानेच्या डाव्या अंगाला, केस संपतात तिथं, मला रुपयाएवढा नायटा उठला तेव्हा मी तिसरीत होतो. आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. तो तालुका त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा व्हायला, म्हणजे १६ ऑगस्ट १९८२ उजाडायला, अजून काही वर्षं होती. आजी मला तांबडं फुटायच्या आधी उठवायची. 'बोलू नगं, पाणी पिऊ नगं,' एवढंच म्हणायची. मग स्वतःच्या तोंडातली रात्रभराची शिळी थुंकी बोटावर घेऊन नायट्याच्या कडेनं फिरवायची, बाहेरून आत, गोल. दिवस वर आल्यावर तरोट्याचं बी आंबट ताकात वाटून त्याचा लेप. असे एकवीस दिवस. नायटा गेला. शेजारच्या दखनी बोलणाऱ्या घरात याच औषधाला 'बासी थूक' म्हणत आणि तिथली चाची आपल्या नातवंडांना तेच करायची, फक्त तरोट्याऐवजी लसूण.

त्या थुंकीचा मागोवा घेण्यात माझी सात-आठ वर्षं गेली. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. नांदेडात तीसेक वर्षं औषधांच्या दुकानात उभा आहे. आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. औषधनिर्माणशास्त्राची पदविका एवढंच शिक्षण. बाकीचं वाचन गिऱ्हाईक नसतानाच्या दुपारींचं.

सुरुवात एका चुकीनं झाली, ती आधी सांगून टाकतो. दंतवैद्यकीचा एक विद्यार्थी माझ्या दुकानात झेरॉक्सचा गठ्ठा विसरून गेला. त्यात लाळेवरचं एक प्रकरण होतं आणि त्यात 'हिस्टॅटिन' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला. माणसाच्या लाळेत प्रथिनांचे असे छोटे तुकडे असतात की ते बुरशी मारतात, असं त्यात लिहिलेलं. मला आजी आठवली. रात्रभर झोप लागली नाही. महिन्याभरात एका स्थानिक साप्ताहिकात मी लेख लिहिला आणि मथळाच दिला, 'आजीच्या थुंकीत औषध होतं'. लोकांना फार आवडला. लोक कात्रणं खिशात घालून दुकानात यायचे.

दोनेक महिन्यांनी नायगावकडचा एक शेतकरी सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाच्या डोक्यात चट्टा होता, केस तुटून खुंट राहिलेले, कडेला पू. 'तुमचा लेख वाचला व्हता. रोज सकाळी लावतो, माझ्या आईची थुंकी,' तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं. डोक्यातल्या गजकर्णाला वरून लावायचं कुठलंच औषध पुरत नाही. बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, पोटातूनच गोळी द्यावी लागते. हे मी दुकानात शंभर वेळा ऐकलं होतं. लेख लिहिताना मात्र विसरलो. मुलाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं, ग्रिसिओफुल्विन सुरू झालं, तो बरा झाला. पण एका जागी केस आलेच नाहीत.

तेव्हापासून मी हा विषय नीट वाचायला लागलो.

पहिला धक्का बसला तो रोमन लेखक प्लिनी याच्याकडून. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा माणूस. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात, ७९ साली वारला. त्याच्या 'नॅचरल हिस्टरी' या प्रचंड ग्रंथाच्या २८व्या भागात माणसाच्या शरीरातून मिळणाऱ्या औषधांची चर्चा आहे आणि तिथं उपाशीपोटीच्या थुंकीला मोठा मान आहे. कातडीवर पसरत जाणारे चट्टे आणि कोडासारखे डाग रोज उपाशी थुंकी लावून आटोक्यात ठेवावेत, असं तो सांगतो. दृष्ट टाळायला थुंकावं, हेही सांगतो. आमच्याकडे बाळाची दृष्ट काढताना 'थू थू' करतात ते आणि आजीचं पहाटेचं बोट, दोन्ही एकाच पानावर! बायबलच्या शुभवर्तमानांत येशू थुंकी लावून आंधळ्याला दृष्टी देतो. रोमन इतिहासकार टॅसिटस हीच करामत अलेक्झांड्रियात सम्राट व्हेस्पेशियनच्या नावावर मांडतो. भूमध्य समुद्राच्या काठापासून मांजराच्या काठापर्यंत एकच समजूत कशी पोचली, की दोन्हीकडे आपापली उगवली? मला दुसरं जास्त संभवतं. थुंकी हे जगातलं सगळ्यात स्वस्त औषध. प्रत्येकाजवळ असतं आणि वैद्याकडे जावं लागत नाही.

आपल्याकडच्या ग्रंथांत गजकर्ण 'दद्रू' या नावानं येतं. चरकसंहितेत ते क्षुद्रकुष्ठांत आहे. सुश्रुतानं मात्र महाकुष्ठांत घातलं. म्हणजे एकाच्या लेखी किरकोळ आणि दुसऱ्याच्या लेखी गंभीर. दुकानात बसून सांगतो, सुश्रुताचं बरोबर होतं. तरोट्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात आणि दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण मारणारा, असंही. आजीला यातला एक शब्द ठाऊक नव्हता. तिनं तरोटा बांधावरून उपटला, तो दर पावसाळ्यात उगवतोच म्हणून.

थुंकीकडे वळण्याआधी तरोट्यापाशी थोडं थांबतो, कारण त्याच्या शेजारून एक गोष्ट जाते ती मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि गोव्यात गजकर्णावर एक पिवळट-तपकिरी पूड मिळायची. लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात कालवून लावायची. तिला नाव 'गोवा पावडर'. लावली की कातडी जांभळट व्हायची, कपड्याला डाग पडला तर निघायचा नाही, डोळ्यात गेली तर आग. पण गजकर्ण जायचं. कशाची पूड, ते विकणारे सांगत नसत. मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ साली लंडनच्या औषधव्यवसायातल्या नियतकालिकात तिच्याविषयी लिहिलं आणि युरोपचं लक्ष गेलं. हे केम्प म्हणजे ज्यांच्या दुकानावरून मुंबईतला केम्प्स कॉर्नर आजही ओळखला जातो तेच. माझ्यासारख्या दुकानदाराला हे वाचून उगाचच ऊर भरून आला.

पुढे १८७४च्या सुमाराला ब्राझीलमधल्या बाहियाच्या दा सिल्व्हा लिमा या डॉक्टरनं ओळख पटवली: ही तर आमच्या जंगलातल्या अरारोबा झाडाच्या खोडातल्या भेगांत साठणारी पूड. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात आली आणि गोव्याचं नाव घेऊन मुंबईत विकली गेली. लंडनच्या ॲटफिल्डनं १८७५मध्ये तिचं पृथक्करण करून क्रायसोफॅनिक आम्ल सापडल्याचं सांगितलं. तीन वर्षांनी दोन जर्मन रसायनज्ञांनी दुरुस्ती केली की मूळ द्रव्य क्रायसारोबिन, हवेशी संयोग होऊन त्याचं क्रायसोफॅनिक आम्ल होतं. आणि तरोट्याच्या बियांत काय असतं? क्रायसोफॅनॉल, म्हणजे तेच क्रायसोफॅनिक आम्ल. अटलांटिकपलीकडची पूड आणि आमच्या बांधावरचं तण रसायनशास्त्राच्या दृष्टीनं एकाच भावकीतलं. याच गोवा पावडरीवरून लंडनचे बाल्मॅनो स्क्वायर सोरायसिसच्या मलमापर्यंत पोचले आणि तिथून विसाव्या शतकातलं डिथ्रॅनॉल आलं. पण ती वाट वेगळी.

म्हणजे माझ्या मानेवरचा नायटा तरोट्यानं गेला असण्याची शक्यता मोठी. ताकाच्या आंबटपणाचाही वाटा असेल. त्यात आणखी एक भर: उन्हाळ्यात-पावसाळ्यात घामानं वाढलेला नायटा थंडीत आपोआपही मावळतो, आणि आजीनं उपचार केला ते दिवस दिवाळीनंतरचे होते. मग थुंकीची साक्ष कोण देणार?

थुंकीत काही आहे हे प्रयोगशाळेत दाखवणारा पहिला मोठा माणूस अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिनच्या सहा-सात वर्षं आधी, १९२१च्या नोव्हेंबरात, त्याला पडसं झालं होतं आणि त्यानं नाकातला शेंबूड जंतूंच्या बशीत टाकला. भोवतालचे जंतू विरघळले. मग त्यानं अश्रू तपासले (सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळून ते मिळवले), लाळ तपासली, अंड्याचा पांढरा बलक तपासला. सगळीकडे तेच द्रव्य. १९२२मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. लायसोझाइम हे त्याचं नाव. दुर्दैव असं की ते मुख्यतः निरुपद्रवी जंतूंनाच मारायचं. जे मरतात त्यांच्यापासून आपल्याला आजार होत नाहीत, आणि ज्यांच्यापासून होतात ते मरत नाहीत. बुरशीच्या भिंती तर ग्लुकन आणि कायटिनच्या, जंतूंपेक्षा वेगळ्या. आजीच्या बाजूनं फ्लेमिंगला उभं करता येत नाही.

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं लाळ पुन्हा दंतवैद्यांच्या ताब्यात गेली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतले काही संशोधक कानाजवळच्या लाळग्रंथीतून येणाऱ्या लाळेतली हिस्टिडिननं भरलेली छोटी प्रथिनं वेगळी करत होते. १९८४ साली पोलॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती कँडिडा अल्बिकान्स नावाची बुरशी मारतात. कँडिडा म्हणजे तोंड आल्यावर जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरते ती. १९८८ला बोस्टन विद्यापीठात फ्रँक ओपेनहाइम यांच्या गटानं या प्रथिनांची रचना अक्षराअक्षरानं वाचली आणि त्यांना हिस्टॅटिन हे नाव दिलं. त्यातलं पाचव्या क्रमांकाचं सर्वांत जालीम: जेमतेम २४ अमिनो आम्लांची माळ, आणि त्या २४त सात मणी हिस्टिडिनचे. इन्सुलिनमध्ये ५१ मणी असतात, त्याच्या निम्म्याहून कमी. हिस्टॅटिन माणसात आणि माकडांच्या वरच्या काही जातींतच सापडतं. कुत्रा जखम चाटून बरी करतो म्हणतात, त्याच्या लाळेत दुसरं काही असेल, हे नाही.

ते मारतं कसं, ते वाचताना मला मौज वाटली. बाकीचे असे बहुतेक तुकडे शत्रूच्या आवरणाला भोक पाडतात. हिस्टॅटिन-५ भोक पाडत बसत नाही. बुरशीच्या भिंतीवरच्या एका प्रथिनाला ते चिकटतं आणि बुरशी स्वतःच त्याला आत ओढून घेते, दारावर आलेल्या ओळखीच्या माणसाला घ्यावं तसं. आत गेल्यावर पेशीतलं पोटॅशियम आणि ऊर्जेचा साठा असलेलं एटीपी बाहेर गळायला लागतं, पाणी जातं, पेशी आकसते, मरते.

हे सगळं मी वाचत होतो तेव्हा वडिलांचं आजारपण सुरू होतं. आयुष्यभर तंबाखू-चुना, गालाच्या आत गाठ. ऑपरेशन झालं, मग शेक दिले. आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात. शेकांच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांची लाळ आटली. दादांना भाकरी तर सोडाच, दूधभातही गिळवेना. 'तोंडात उसाचं चिपाड भरल्यावानी वाटतंय,' म्हणाले. आणि जिभेवर, गालात, टाळूला पांढरा थर. डॉक्टर म्हणाले, 'शेकानं लाळग्रंथी भाजल्या. लाळ नाही म्हणून बुरशी वाढली. ही बुरशी त्यांच्या तोंडात आधीही असेल, बऱ्याच धडधाकट माणसांच्या असते. लाळ तिला दाबून ठेवत होती.'

मी आयुष्यभर क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे थेंब विकले. त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की आपण काय विकतो: आटलेल्या लाळेची बदली. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ माणूस गिळतो आणि कुणालाच त्याचं कौतुक नसतं. दादांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवलेला असायचा. घोट घोट, दर पाच मिनिटांनी.

मग मला जुनी गिऱ्हाइकं आठवली. नव्वदच्या दशकात, मी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होतो तेव्हा, काही तरुण माणसं पुन्हा पुन्हा यायची. ट्रकवरची, ढाब्यावरची, कधी मुंबईहून परतलेली. जांभळं औषध द्या म्हणायची, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, तोंड आलंय म्हणून. पंधरा दिवसांनी परत. अंगावरचे कपडे ढगळ होत गेलेले. मग येईनाशी व्हायची. मालक नुसता माझ्याकडे बघायचा. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची जी नोंद छापली गेली, जिथून एड्सचा लिखित इतिहास सुरू होतो, त्या पाचही जणांना कँडिडाचा संसर्ग होता. पुढे मेरीलँडमधल्या संशोधकांनी दाखवलं की एचआयव्ही असलेल्यांच्या लाळेत हिस्टॅटिन-५ कमी पडतं. तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? आम्ही जांभळी बाटली कागदात गुंडाळून द्यायचो आणि पैसे घ्यायचो.

मराठवाड्याची जुनी राजधानी हैदराबाद. आमच्या आजोबांची कोर्टाची कागदपत्रं उर्दूत आणि हैदराबादच्या शिक्क्याची. म्हणून असेल, तिथल्या संशोधनाकडे मी जरा आपलेपणानं बघतो. सजीवांच्या अंगात निसर्गतःच असलेले जंतुनाशक तुकडे हा विषय जगात मोठा झाला तो स्वीडनच्या हान्स बोमान यांनी १९८१ साली रेशीमकिड्याच्या जातीतल्या पतंगात सेक्रोपिन शोधल्यावर. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९७९मध्ये, हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रातले पुष्प भार्गव आणि त्यांचे सहकारी रेड्डी यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं की बैलाच्या वीर्यद्रवात जंतूंची वाढ थांबवणारं एक प्रथिन आहे. सेमिनलप्लाझ्मिन हे त्याचं नाव. पुढे त्याच संस्थेत आर. नागराज यांनी अशा तुकड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. बोमानचं नाव पाठ्यपुस्तकात आहे, भार्गवांचं या संदर्भात क्वचितच दिसतं. बैलाचं वीर्य म्हटल्यावर लोक हसतात, हे एक कारण असावं.

दुसरी गोष्ट आपल्या पिंपरीची, आणि तिच्याविषयी मराठीत जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलेलं मला दिसलं नाही. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पिंपरीत उभा राहिला, पुढच्या वर्षी पेनिसिलिन निघू लागलं. तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख एम. जे. तिरुमलाचार. हा माणूस मुळात माणसांच्या रोगांचा नव्हे, पिकांच्या रोगांचा अभ्यासक. तांबेरा आणि काणी. आमच्याकडे ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी निघते ती काणी. बी. बी. मुंडकूर यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या काणीच्या बुरशींचा ग्रंथ लिहिला, तो १९५२ साली निघाला. बुरशी कशी जगते हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती कशी मारावी हे सुचणार. पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून त्यांनी १९६१च्या सुमारास बुरशीनाशक काढलं, त्याचं नाव हॅमायसिन. नावातच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरं दिसतात, आणि सूक्ष्मजीवाचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी गाव लॅटिनमध्ये गेलं ते असं. पाठोपाठ कातडीच्या बुरशीसाठी डर्मोस्टॅटिन आणि पिकांसाठी ऑरिओफंजिन.

न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघींनी १९५०मध्ये शोधलेलं निस्टॅटिन, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या मातीतून आलेलं अँफोटेरिसिन आणि पिंपरीचं हॅमायसिन ही एकाच घराण्यातली. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, माणसाच्या कोलेस्टेरॉल. ही औषधं त्या फरकावर जगतात. अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिस या आतल्या अवयवांत पसरणाऱ्या बुरशीच्या रोगावर हॅमायसिन पोटातून देऊन पाहिलं गेलं. पण ते पोटातून भरवशानं शोषलं जात नव्हतं, म्हणून अखेर उरलं वरून लावण्यापुरतं: तोंडातला कँडिडा, कानातली बुरशी, बायकांच्या अंगावरून जाण्याचा विकार. मी उमेदवारीला लागलो त्या दुकानाच्या जुन्या खरेदी-वहीत हॅमायसिनच्या ओळी मालकाच्या सुबक मोडी वळणाच्या अक्षरात होत्या. दादांच्या जिभेवर थेंब सोडताना मला त्या ओळी आठवायच्या. पिंपरीचं ते औषध नंतर मागे पडलं, क्लोट्रिमॅझोल आलं, फ्लुकोनॅझोल आलं. एका अर्थी तिरुमलाचारांनी मातीतून तेच काम करणारं काहीतरी काढलं होतं जे कानाजवळची ग्रंथी फुकटात करत असते.

मग हिस्टॅटिनची बाटली का आली नाही? प्रयत्न झाले. हिस्टॅटिन-५मधला मधलाच बारा मण्यांचा तुकडा, चौथ्यापासून पंधराव्यापर्यंतचा, बुरशी मारायला पुरतो असं दिसलं. त्याला पी-११३ म्हणतात. एचआयव्ही असलेल्या रुग्णांच्या तोंडातल्या कँडिडावर गुळण्यांच्या रूपात त्याच्या चाचण्या झाल्या. तरी माझ्या फळीवर ते नाही. अडचणी दोन-तीन. असे तुकडे कारखान्यात जोडणं महाग. तोंडातली पाचक विकरं हिस्टॅटिन झपाट्यानं तोडतात, कँडिडा स्वतःही तोडते. ग्रंथी सतत नवं सोडत असते म्हणून निभतं. आणि मीठ वाढलं की हिस्टॅटिनचा जोर ओसरतो. लाळेत मीठ रक्तापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून तिथं ते चालतं.

या शेवटच्या दोन मुद्द्यांपाशी आजीचं बोट अडकतं. झोपेत लाळेचा प्रवाह जवळजवळ थांबतो. पहाटेची शिळी थुंकी म्हणजे रात्रभर जंतूंसोबत साचून राहिलेली लाळ. हिस्टॅटिन त्यात असलं तरी तोपर्यंत त्याचे तुकडे झालेले असणार. ताजी लाळ लावली असती तर एकवेळ! त्यात मान घामेजलेली, म्हणजे मीठ. आणि हिस्टॅटिनचा दबदबा आहे तो कँडिडावर. गजकर्णाची बुरशी वेगळ्या कुळातली, कातडीतलं केराटिन खाऊन जगणारी. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवलं की हिस्टॅटिनचे काही प्रकार जखम भरून यायला मदत करतात. बोट कापलं की आपण तोंडात घालतो त्याला एवढा आधार आहे. नायट्याला नाही. लेखाचा मथळा मी आज वेगळा दिला असता.

थुंकीबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट टाळणं मला जमत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडकं बांधून हिंडावं लागे याची नोंद केली आहे. थुंकी जमिनीवर पडून कुणाला विटाळ होऊ नये म्हणून. आमच्या गावात आजीची थुंकी औषध होती. वेशीबाहेरच्या आजीच्याही घरात ती औषधच असणार, पण तिचा थेंब आमच्या ओसरीवर पडला असता तर सारवण झालं असतं. दोघींच्या ग्रंथींतून तीच २४ मण्यांची माळ गळत होती.

आज दुकानात गजकर्णाचं गिऱ्हाईक नाही असा दिवस जात नाही, आणि हे माझ्या लहानपणासारखं रुपयाएवढं नसतं. कंबर, जांघ, पाठ, घरातली चारही माणसं. स्टेरॉइड मिसळलेली मलमं लोक स्वतःच मागून नेतात. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र निवांत पसरते. २०१८ साली केंद्र सरकारनं कातडीला लावायची १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. नियम कागदावर कडक आहे. २०२०मध्ये जपानी संशोधकांनी टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या एका बुरशीला नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात आपला देश आहे. २०२३ला ती न्यूयॉर्कमध्ये सापडल्याची नोंद झाली. पिंप्रिना आणि इंडोटिनी, बुरशीच्या इतिहासात आपली दोन नावं अशी आली.

२०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीची इंजेक्शनं, म्हणजे अँफोटेरिसिन, शोधत लोक नांदेड-लातूर-सोलापूर-हैदराबाद असे फिरत होते. माझ्याकडे रोज वीस-वीस फोन. ओरिनोकोच्या मातीतलं ते औषध सोन्याच्या भावानं मागितलं जात होतं आणि मिळत नव्हतं. दादा त्याच उन्हाळ्यात गेले, त्या रोगानं नव्हे. शेवटपर्यंत लाळ परतली नव्हती.

त्यांच्या वर्षश्राद्धाला आत्या आली होती. तिचं वय ऐंशीच्या पुढे. मला एक शंका बरेच दिवस छळत होती. आजी मिसरी लावायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड. थुंकीत मिसरी मिसळलेली असेल तर सगळा हिशोबच बदलतो. मी आत्याला विचारलं, 'आजी नायट्याला थुंकी लावायची ती मिसरी लावायच्या आधी का नंतर?'

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. 'काय इचारलालास रे हे?' मग थोडं आठवून म्हणाली, 'आधीच. मिसरी लावली की थुंकी बाटली म्हणायची. आन् तुला लावायची त्या दिवसांत ती रातीची मिसरी बी बंद करायची. डोकं दुखायचं तिचं.'

एकवीस दिवस.

मिसरीवाल्या बाईनं एकवीस दिवस रात्रीची मिसरी सोडणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. नायगावच्या त्या मुलाचा बाप अजून अधूनमधून दुकानात येतो. मुलगा आता आठवीत आहे. टोपी घालतो.